उतरलं का?

नववा महिना लागल्यापासून मला कोणीही "कशी आहेस?" असे विचारलेले नाही. बाळंतपणासाठी मी सांगलीला माहेरी आले आहे, ही बातमी गल्लीत पसरली आणि त्या दिवसापासून फाटकाशी येणारी प्रत्येक बाई माझ्या तोंडाकडे न बघता थेट पोटाकडे बघते आणि विचारते, "उतरलं का?" पहिल्यांदा मी भाबडेपणाने, रिक्षातले सामान कधीच उतरले, असे उत्तर दिले होते. त्यावर समोरच्या काकूंनी आईकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही.

मी बँकेत नोकरी करते. आकडे जुळले की मला शांत झोप लागते, त्यामुळे दवाखान्यातल्या मॅडमची टेप मला फार आवडत असे. शिंप्याने लेंग्याचे माप घ्यावे तशी ती टेप ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत लावायची आणि जितके आठवडे साधारण तितके सेंटिमीटर, असा हिशेब तपासायचा. तिसाव्या आठवड्यात 30, छत्तिसाव्या आठवड्यात 36, इतका चोख ताळा आमच्या शाखेतही रोज लागत नाही. अडतिसाव्या आठवड्यात मात्र टेपवर 35 आले. माझ्या पोटात गोळा आला (म्हणजे आणखी एक). मॅडम हसून म्हणाल्या, "घाबरू नका, बाळाचं डोकं कटीत शिरलंय. पोट उतरलंय." पहिलटकरणीच्या बाबतीत हे बहुधा प्रसूतीच्या दोन ते चार आठवडे आधी घडते, पुढच्या खेपांना पुष्कळदा कळा सुरू होईपर्यंत बाळ जागचे हलत नाही. ही ताजी खबर घेऊन मी घरी आले, तर काकू फाटकातूनच म्हणाल्या, "मी परवाच आईला सांगितलंय." काकूंना टेप लागत नाही.

पोट उतरल्याने मला सुख झाले, हे मान्य केले पाहिजे. इतके दिवस छातीखाली ठाण मांडून बसलेला भाडेकरू तळमजल्यावर राहायला गेल्यामुळे मला पोटभर श्वास घेता येऊ लागला आणि दोन घास खाल्ले की घशाशी येणारे आंबट पाणीही कमी झाले. पण तळमजल्यावर आधीपासून मूत्राशय राहत होते आणि त्याला कोणी विचारलेले नव्हते. त्या दिवसापासून रात्री पाच वेळा उठणे हा माझा नित्यनेम झाला आहे.

उठणे हा शब्द मी फार सहज लिहून गेले. आधी कूस बदलावी लागते आणि नवव्या महिन्यातील कूस बदलणे हे एकटीच्या आवाक्यातले काम नसते. बाळाला वाट मिळावी म्हणून रिलॅक्सिन नावाचे संप्रेरक कंबरेच्या सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल करते. हेतू उदात्त आहे, पण त्यामुळे माझे दोन पाय आता एकाच देहाचे आहेत असे त्यांना वाटत नाही. म्हणून प्रथम पाठीमागची उशी काढायची, मग गुडघ्यांमधली, मग पोटाखालची. दोन्ही गुडघे जुळवायचे, पलंगाची कड धरायची आणि जांघेच्या मध्यभागी कट् असा आवाज आला की क्षणभर देवाचे नाव घेऊन वळायचे. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आईचा आवाज येतो, "काय गं, कळा आल्या का?" "नाही, कूस बदलतेय." "मग एवढी कण्हतेस कशाला?" या संवादाने आजी जागी होते आणि ती विचारते, "उतरलं का?"

कळांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. परवा रात्री दोन वाजता माझे पोट दगडासारखे कडक झाले, मग सैल पडले, मग पुन्हा कडक झाले. मी वहीत नोंद केली : बारा मिनिटे, सात मिनिटे, वीस मिनिटे, नऊ मिनिटे. या आकड्यांत कसलाही क्रम नाही, हे बँकेतल्या माणसाला तरी दिसायला हवे होते. पण तोवर बाबांनी गल्लीतली रिक्षा उठवली होती, आईने पिशवी आणि काकूंनी स्वतःला रिक्षात घातले होते आणि पुण्याहून निघालेला नवरा गाडी हाणत साताऱ्यापर्यंत पोहोचला होता. दवाखान्याचा जिना चढून गेले आणि कळा थांबल्या. सिस्टर म्हणाल्या, "खऱ्या कळा चालल्यावर थांबत नाहीत, उलट वाढतात. पाणी प्या आणि घरी जाऊन झोपा." या खोट्या कळांचे वर्णन जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने 1872 साली केले आणि त्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. पोट बाईचे, कळ बाईची आणि नाव मात्र याचे! साताऱ्याहून परत फिरलेला नवरा कार्यालयात वेळेवर पोहोचला, ही त्या रात्रीची एकमेव जमेची बाजू.

मला खरा राग आहे तो तारखेचा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढलेली तारीख माझ्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलेली आहे आणि मुदत ठेवीची तारीख पुढे ढकललेली मी नोकरीत कधी पाहिलेली नाही. प्रत्यक्षात शंभरातली जेमतेम पाच बाळे त्या तारखेला येतात, हे मला ती तारीख उलटून गेल्यावर सांगण्यात आले. त्यानंतरचे तीन दिवस मी आमराईत फेऱ्या मारल्या, अंगठी बोटातून निघेना म्हणून तेल लावून ती काढली आणि सुजलेले पाय दुसऱ्या कशात मावत नसल्याने बाबांच्या चपला घालून हिंडले. काकूंनी विचारणेही सोडून दिले. "आता उतरायचं ते उतरलंय," त्या म्हणाल्या, "आता फक्त निघायचं राहिलंय."

चौथ्या दिवशी पहाटे अंगावरून लालसर चिकट गेले. गर्भाशयाच्या तोंडाशी नऊ महिने बसवलेले बूच निघाल्याची ही खूण. दुपारपर्यंत वहीतले आकडे सरळ रांगेत आले : पाच, पाच, पाच. इतका सुंदर हिशेब मी महिनाभरात पाहिला नव्हता, पण त्याचे कौतुक करायला मला बोलता येत नव्हते. जिना चढले, तरी कळा थांबल्या नाहीत. सिस्टरांनी मला ओळखले, तपासले आणि बाहेर बसलेल्या आईला सांगितले, "दोन सेंटिमीटर उघडलंय."

"आणि किती लागतं?" मी दात ओठ खात विचारले.

"दहा."

आईने पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, "घोटभर घे. अजून आठ राहिलेत."