थापाड्या कॉमेंटेटरची बाजू घेतोय, शिव्या चालतील

आमच्या आइंडहोवनच्या (नेदरलँड्स) ऑफिसात टूर द फ्रान्सचा, म्हणजे फ्रान्समधल्या त्या मोठ्या सायकल रेसचा विषय निघाला की साठीतले एक डच सहकारी सुरू होतात ते थिओ कोमेनवरच येऊन थांबतात. इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मी पण त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

कोमेन हा रेडिओवाला. जन्म १९२९, उत्तर हॉलंडचा. फुटबॉल, हिवाळ्यात आइस स्केटिंग आणि जुलै आला की टूर. मोटरसायकलवर मागे बसायचं, हातात माइक, आणि एका दमात धबाधबा बोलत सुटायचं. आणि हा माणूस बिनधास्त तिखटमीठ लावायचा, ते तिकडे शेंबड्या पोराला पण माहीत होतं. साधी चढण असली तरी ऐकणाऱ्याला वाटावं की आता कोणीतरी दरीत जाणार.

आता मला सांगा, मोटरसायकलवरच्या माणसाला दिसतं तरी काय? शंभराच्या वर सायकलवाले, ते किलोमीटरभर पसरलेले, तुमच्या समोर त्यातले चार. बाकीचं रेस रेडिओवर (म्हणजे रेसवाल्यांचा आपला वायरलेस) येतं, अमुक नंबर पुढे, इतक्या मिनिटांची गॅप, संपलं. त्यात इंजिनचा आवाज, वरून हेलिकॉप्टर. टीव्हीवर तेव्हा पूर्ण स्टेज (एका दिवसाची रेस) लाइव्ह नसायची, शेवटचा भाग तेवढा दिसायचा, म्हणजे दुपारभर घराघरात जी रेस चालू होती ती बरीचशी याच्या तोंडातूनच. आपला कीर्तनकार नाही का, आख्यान लावताना युद्धात कोण कसा ओरडला ते सांगतो, तो काय तिथे होता? पण कोण जिंकलं ते बदलत नाही ना. कोमेनचं माझ्या मते तेच.

(मान्य, बातम्यांत कोणी असं केलं तर मीच पहिला बोंबलेन. पण सायकल रेस आणि बजेट यात फरक आहे की नाही.)

शिवाय दिवस पण तसे होते. १९६८ ला यान यान्सनने फक्त ३८ सेकंदांनी टूर मारली, डच माणसाने जिंकलेली पहिली. १९८० ला योप झूटेमेल्क. आल्प द्युएझचा तो २१ वळणांचा घाट, तिथे तर १९७६ ते १९८३ मध्ये ६ वेळा डच पोरंच पहिली, लोक त्याला डच डोंगर म्हणायला लागले. अशा वेळी सपाट आवाजात कोण बोलेल?

१९८४ च्या एप्रिलमध्ये कार अपघातात गेला बिचारा, ५४ वर्षांचा. नंतर त्याच्याच नावाने स्पोर्ट्स रेडिओ रिपोर्टिंगचं अवॉर्ड सुरू केलं. थापाड्या म्हणून फेमस माणसाच्या नावाने पत्रकारितेचं अवॉर्ड, मला तर लय आवडलं हे.

सहकाऱ्यांना म्हणलं, तुम्हाला फसवल्यासारखं नाही वाटायचं? तर म्हणाले, वडील सकाळी पेपर उघडून कोमेनने काल किती फेकलं ते मोजायचे, मोठमोठ्याने हसायचे, आणि दुपारी रेडिओपाशी पहिली खुर्ची त्यांचीच.