हेल्मेटखालचा मुका मार

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास फिरू लागतात. एक म्हणजे सामना कुणाच्या घरी बघायचा याची खलबतं, आणि दुसरी म्हणजे 'घाबरट देशी आईबापांसाठी' असा मथळा असलेला एक लांबलचक फॉरवर्ड. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. त्यातला एक पुण्याच्या मावसभावाकडून, ज्यानं हा खेळ आयुष्यात पाहिलेला नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकन फुटबॉलमधल्या दुखापती हा माध्यमांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. हेल्मेटं आता आधुनिक आहेत. याहून सायकल धोक्याची, आणि क्रिकेटमध्येही माणसं गेलीच आहेत. मेंदूच्या आजाराचा तो '९९ टक्के'वाला अभ्यास ही धूळफेक, उलट एनएफएल या व्यावसायिक लीगचे खेळाडू सामान्य माणसापेक्षा जास्त जगतात. नियम पुरेसे कडक झालेत, आणखी आवळले तर खेळच उरणार नाही. आणि शेवटी, सज्ञान माणसं कोट्यवधी डॉलर घेऊन राजीखुशीनं खेळतात, तर तुमचं काय जातं?

माझं जातं. आम्ही टेक्ससमध्ये राहतो. मुलगा सहावीत आहे, आणि इथल्या शाळांत सातवीपासून टॅकल फुटबॉल सुरू होतं. टॅकल म्हणजे समोरच्याला अंगानं धडकून आडवा करायचा. पुढच्या ऑगस्टमध्ये एक फॉर्म घरी येईल आणि त्यावर सही माझी लागेल. म्हणून हा फॉरवर्ड नुसता 'डिलीट' करून मला चालणार नाही. त्यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, त्याही सांगतो.

आधी हेल्मेट. हेल्मेट कवटी वाचवतं आणि ते काम चोख करतं. पण मेंदू कवटीला चिकटवलेला नसतो, तो द्रवात तरंगत असतो. धावता माणूस धडकून थांबला की कवटी थांबते, मेंदू पुढे जातो, हलतो, पिळवटतो, आतले तंतू ताणले जातात. एसटीला करकचून ब्रेक लागल्यावर उभ्या प्रवाशांचं जे होतं तेच. गाडीचा पत्रा जाड केल्यानं त्यात काही फरक पडत नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: मुका मार. वरून ओरखडासुद्धा नाही, जे झालंय ते आत.

हेल्मेटाचा इतिहास या फॉरवर्डला सोयीचा नाही. सुरुवातीला चामड्याच्या टोप्या होत्या. १९३९ मध्ये प्लास्टिकचं हेल्मेट आलं, पुढे चेहऱ्यासमोर जाळी आली. डोकं सुरक्षित वाटू लागल्यावर खेळाडूंनी डोकंच हत्यारासारखं वापरायला सुरुवात केली. १९६८ या एका वर्षात सगळ्या स्तरांवर मिळून ३६ खेळाडू मैदानावरच्या थेट इजांनी दगावले. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजच्या खेळात डोकं पुढे करून धडकायला बंदी आली, त्याच दशकात हेल्मेटांची प्रमाणित चाचणीही सुरू झाली, आणि १९९० मध्ये असे मृत्यू शून्यावर आले. म्हणजे श्रेय चांगल्या हेल्मेटाला आहेच, पण निम्मं तरी नियमाच्या पुस्तकाला द्यायला हवं. आणि हे सगळं फुटलेल्या कवटीबद्दल आणि मोडलेल्या मानेबद्दल झालं. मुक्या माराबद्दल नाही.

तो मार कसा साठतो, हे कळलं की सायकल आणि क्रिकेटचा मुद्दा आपोआप बाजूला पडतो. सायकलवरून पडून दवाखान्यात जाणाऱ्या मुलांचा आकडा मोठा आहे, हे खरं. पण सायकलवरून पडणं हा सायकल चालवण्याचा भाग नाही. फिलिप ह्यूजच्या मानेवर २०१४ मध्ये सिडनीत चेंडू लागला, रमण लांबाला १९९८ मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगवर लागला. दोन्ही वेळा क्रिकेटजगत हादरलं, कारण ते घडायला नको होतं. फुटबॉलमध्ये लाइनमन, म्हणजे आघाडीच्या रांगेतला खेळाडू, काही सेकंदांच्या प्रत्येक डावात समोरच्याशी भिडतो, आणि त्यानं भिडावं म्हणूनच त्याला उभं केलेलं असतं. त्यात कुणी चुकलेलं नसतं, शिट्टी वाजत नाही, कुणी बेशुद्ध पडत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या शास्त्रज्ञांनी ६ ते १४ वर्षांच्या मुलांच्या डोक्याला बसणारे धक्के सेन्सर लावून मोजले. २०२१ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात टॅकल खेळणाऱ्या मुलाला एका हंगामात, मध्यक धरला तर, ३७८ धक्के बसले होते. कमरेची पट्टी ओढून गडी बाद करायच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये तो आकडा होता ८.

वर्षात ३७८ वेळा सायकलवरून डोक्यावर पडणारं पोर मी तरी पाहिलेलं नाही.

आता ९९ टक्के. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या अ‍ॅन मकी आणि सहकाऱ्यांनी दान आलेले मेंदू तपासले. एनएफएल खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई सापडला. वारंवारच्या धक्क्यांनंतर टाउ नावाचं प्रथिन मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जातं, ती ही व्याधी. स्मृती जाते, राग आवरत नाही, पुढे स्मृतिभ्रंश. तिचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. फॉरवर्ड म्हणतो की हे मेंदू निवडक होते. बरोबर आहे. ज्यांच्या घरच्यांना शंका होती त्यांनीच ते दान केले, आणि ही मर्यादा संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलीय. '९९ टक्के फुटबॉलपटूंना सीटीई होतो' असं कुणी सांगत असेल, तर तोही चूकच सांगतोय.

पण एवढ्यावर प्रकरण मिटत नाही. मेयो क्लिनिकच्या मेंदूपेढीतले मेंदू सीटीईच्या शंकेनं जमवलेले नव्हते. तिथे २०१५ मध्ये शोध घेतला तेव्हा धडकेचे खेळ खेळलेल्या ६६ पुरुषांपैकी २१ जणांत सीटीईच्या खुणा दिसल्या, आणि तशी नोंद नसलेल्या १९८ जणांत एकातही नाही. मेंदू दानाशी काडीचाही संबंध नसलेली आकडेवारीसुद्धा आहे. १९५९ ते १९८८ च्या काळात निदान पाच हंगाम खेळलेल्या ३,४३९ एनएफएल खेळाडूंच्या मृत्यूच्या नोंदी २०१२ मध्ये तपासल्या गेल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण सामान्यांच्या तिप्पट निघालं, अल्झायमर आणि एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाण्याचा आजार) यांचं जवळपास चौपट.

गंमत म्हणजे 'ते जास्त जगतात' हा दावाही याच खेळाडूंच्या नोंदींवर उभा आहे, आणि तो खोटा नाही. त्यांचा एकूण मृत्युदर सामान्य अमेरिकन पुरुषापेक्षा खरोखरच कमी आहे. पण ऐन विशीत देशातल्या सर्वात तंदुरुस्त दोन हजारांत निवडला गेलेला माणूस आणि सोफ्यावर चिप्स खात त्याला बघणारा माणूस, यांची तुलना करून काय कळणार? पहिलवानाची तुलना पहिलवानाशी करावी. २०१९ मध्ये तशी झाली, एनएफएल खेळाडू विरुद्ध व्यावसायिक बेसबॉल खेळाडू. फुटबॉलवाल्यांचा मृत्युदर जास्त निघाला, मेंदूच्या आजारांत तर कितीतरी जास्त.

नियम कडक झालेत, हा मुद्दा मला मनापासून मान्य आहे. त्यांनी खेळ मरतो, हे नाही. १९०५ च्या हंगामात निदान अठरा पोरं या खेळानं मारली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात होता. पुढच्याच वर्षी नियम बदलले, आणि घोळक्यानं घोळक्यावर तुटून पडण्याऐवजी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. आज ज्या लांब पासवर लाखभर लोक एकदम उभे राहतात तो पास म्हणजे तेव्हाच्या मृत्यूंवर काढलेला तोडगा आहे! आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या लीगनं २०१६ मध्ये किकऑफची, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करायची, जागा पाच यार्ड पुढे सरकवली, आणि किकऑफमधली कन्कशनं, म्हणजे धक्क्यानं मेंदूचं काम तात्पुरतं बिघडण्याचे प्रकार, हजार डावांमागे सुमारे अकरांवरून दोनवर आली. डार्टमथ कॉलेजनं २०१० पासून सरावात एकमेकांना टॅकल करणंच बंद केलं, पोरं डमीवर सराव करू लागली. त्यांचा संघ त्यानंतर आयव्ही लीग जिंकलाय.

पण बहुतेक कडक नियम कन्कशन पकडण्यासाठी आहेत. म्हणजे खेळाडू भोवंडला, अडखळला, तर त्याला बाहेर काढा. तेही दरवेळी जमतं असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मायामी संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, टुआ टॅगोवायलोआ धडकेनंतर उठला आणि देशासमोर झोकांड्या खात कोसळला. पाठीचं दुखणं म्हणून त्याच सामन्यात तो परत खेळायला उतरला. चार दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. चौकशी झाली, निष्कर्ष निघाला की नियम पाळले गेले होते. मग नियमच बदलला. बदलला हे चांगलंच. पण बोस्टनच्या गटानं २०२३ मध्ये ६३१ फुटबॉलपटूंच्या मेंदूंवरून जे मांडलं ते या सगळ्याच्या मुळाशी जातं. सीटीईचा अंदाज निदान झालेल्या कन्कशनांच्या संख्येवरून लागत नव्हता. कारकिर्दीभरात डोक्यानं एकूण किती जोराचे किती धक्के खाल्ले, यावरून लागत होता. त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात, खेळलेल्या प्रत्येक वर्षागणिक सीटीईची शक्यता ३० टक्क्यांनी वाढत गेलेली दिसली. ज्या मुलाला कधीच कन्कशन झालं नाही, त्याचंही खातं रोज भरत असतं.

राहिली राजीखुशी. हा फॉरवर्डचा हुकमी पत्ता आहे आणि माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर आहे.

राजीखुशी म्हणजे माहिती असून दिलेली संमती. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेब्स्टर सेंटरला खेळायचा, म्हणजे प्रत्येक डावाची सुरुवात त्याच्यापासून आणि लगेच धडक. चार सुपर बोल जिंकलेला हा माणूस पुढे भ्रमिष्टासारखा झाला, काही काळ गाडीत राहिला आणि २००२ मध्ये पन्नाशीत गेला. त्याचा मेंदू तपासला बेनेट ओमालू या नायजेरियातून आलेल्या डॉक्टरनं. २००५ मध्ये त्यानं निष्कर्ष छापले, तेव्हा एनएफएलच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो लेख मागे घ्या अशी मागणी केली. १९९४ मध्ये नेमलेल्या या मेंदूच्या इजांवरच्या समितीचा प्रमुख होता एक संधिवाततज्ज्ञ. फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे, असं लीगच्या अधिकाऱ्यानं संसद सदस्यांसमोर पहिल्यांदा कबूल केलं ते मार्च २०१६ मध्ये. त्याआधी खेळलेल्यांनी नेमकी कशाला संमती दिली होती? जोखीम कळल्यावर माणूस वेगळं ठरवू शकतो. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा ख्रिस बोरलंड एकच हंगाम खेळून, चोविसाव्या वर्षी, याच कारणानं निवृत्त झाला.

भरपाईचीही कथा ऐकण्यासारखी आहे. हजारो माजी खेळाडूंच्या दाव्यांवर २०१५ मध्ये न्यायालयानं तडजोड मंजूर केली. तिच्या चाचण्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक पातळीच कमी धरणारं गणित वापरलं जात होतं, त्यामुळे ऱ्हास सिद्ध करणं त्यांना जास्त अवघड. निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय असलेल्या लीगमध्ये! हे थांबवायला लीग तयार झाली ती २०२१ मध्ये, तेही बोभाटा झाल्यावर.

आणि कोट्यवधी डॉलर मिळतात किती जणांना? बत्तीस संघ, प्रत्येकी ५३ खेळाडू, म्हणजे १,६९६ माणसं. त्यांचीही सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची. हाय स्कूलमध्ये हा खेळ खेळणारी मुलं आहेत सुमारे दहा लाख, आणि त्यांना मिळतं ते शाळेच्या संघाचं जॅकेट. तिशीच्या आत वारलेल्या, धडकेचे खेळ खेळलेल्या १५२ जणांच्या दान केलेल्या मेंदूंपैकी ६३ जणांत सीटीई होता, असं २०२३ मध्ये छापून आलं. हे मेंदूही निवडकच, हे मान्य. पण त्या ६३ मधले बहुतेक जण कधीच व्यावसायिक खेळले नव्हते. तिशीतल्या माणसानं सगळं समजून-उमजून, पैसे मोजून घेऊन हा सौदा केला तर मी त्याला अडवणारा कोण? पण फॉरवर्ड बोलतो त्या तिशीतल्या माणसाबद्दल आणि पाठवला जातो बारा वर्षांच्या मुलांच्या आईबापांना. सौदा मुलाचा, अंगठा माझा.

'मग काय पोराला घरात बसवायचं?' असं मावसभावानं विचारलंच. नाही. फ्लॅग फुटबॉल आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत, बीकेसीमध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेटला घेतलं म्हणून आपण फटाके फोडले. त्याच बैठकीत, त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही आत आलं. धावणं, पास, डावपेच, सगळं तेच. नववीत गेल्यावर टॅकलचं पुन्हा बोलू, तेव्हा कोचला पहिला प्रश्न असेल की आठवड्यात किती दिवस पूर्ण अंगानं धडकायचा सराव असतो.

हे सगळं मी मुलाला सांगितलं, आकड्यांसकट. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, पण शुक्रवारी रात्री अख्खं गाव स्टेडियमवर येतं ते टॅकल बघायला. फ्लॅगला फक्त आईबाबा येतात." यावर माझ्याकडे एकही आकडा नव्हता.