बोल्टनशेठ आणि न संपणारे पाहुणे

अठराव्या शतकातल्या कारखानदारीचा विषय निघाला की आपण लगेच वाफेचं इंजिन, कोळसा आणि जेम्स वॉटवर जातो. पण वॉटचा पार्टनर मॅथ्यू बोल्टन, त्याचं घर आणि कारखाना कसा चालायचा ते वाचा एकदा. मशीन परवडली पण ही माणसं आवरा अशी गत, आणि माझं स्पष्ट मत आहे की हे दुखणं त्याने बरंचसं हौसेने ओढवून घेतलं.

1760 च्या दशकात बर्मिंगहॅमजवळ हँड्सवर्थच्या माळावर त्याने सोहो मॅन्युफॅक्टरी बांधली. बाहेरून बघाल तर सरदाराची हवेली, आत बटणं, बुटांची बकल्स, चांदीची भांडी, सोन्याचा मुलामा दिलेल्या फुलदाण्या, आणि सातशेच्या आसपास कामगार. पैसा बराचसा सासरचा. (पहिली बायको वारल्यावर तिच्याच बहिणीशी लग्न केलं, आपल्याकडे कुणाला त्यात वावगं वाटलं नसतं, तिकडे चर्चच्या कायद्यात ते बसत नव्हतं, वर मेव्हण्याचा विरोध!)

आता एवढा देखणा कारखाना म्हटल्यावर लोक बघायला येणारच. आणि आले की चहापाणी, कारखाना फिरवून आणणं, मोठा असामी असेल तर घरी जेवण. एका पत्रात तो लिहितो की काल लॉर्ड आणि लेडींच्या सरबराईत होतो, आज फ्रेंच आणि स्पॅनिश आलेत, उद्या जर्मन, रशियन, नॉर्वेजियन. वाचताना तक्रार वाटते, पण लग्नघरातली बाई "किती गं बाई हे पाहुणे" म्हणते ना, त्या सुरातली तक्रार आहे ती.

बरं, नाही म्हणायची सोयही नव्हती, कारण बघायला येणारे तेच उद्याचे गिऱ्हाईक. लॉर्डसाहेब आज फिरून जाणार, महिन्याने ऑर्डर देणार आणि पैसे मनाला येईल तेव्हा देणार, उमरावाच्या दारात वसुलीला माणूस कसा पाठवणार? फायदा झालाच नाही असंही नाही. बर्मिंगहॅममध्ये चांदीवर हॉलमार्क मारायची सोय नव्हती, माल सत्तरेक मैलांवर चेस्टरला पाठवायचा, तिथून परत येईपर्यंत उशीर व्हायचा, कधी पॉलिश केलेल्या मालावर चरे पडलेले असायचे. लॉर्ड शेलबर्नच्या कँडलस्टिकची ऑर्डर याच भानगडीत रखडली. मग बोल्टनने याच सगळ्या ओळखी कामाला लावल्या आणि शेफील्डवाल्यांच्या जोडीने 1773 साली पार्लमेंटकडून बर्मिंगहॅमसाठी अ‍ॅसे ऑफिस, म्हणजे चांदी तपासून हॉलमार्क मारणारी कचेरी, मिळवलं, लंडनच्या सोनारांचा विरोध असताना.

पण मला खरी दया येते ती फॉदरगिलची. जॉन फॉदरगिल, 1762 पासूनचा पार्टनर. शेठ राजा-राणीला फुलदाण्या दाखवायला राजवाड्यात, आणि हा बिचारा हुंड्या कशा भागवायच्या या विवंचनेत. 1780 पर्यंतच्या अठरा वर्षांत या फर्मचा तोटा नफ्यापेक्षा अकरा हजार पौंडांच्या वर होता, भांडवल होतं वीस हजार! एकदा तर फॉदरगिल म्हणाला होता की गाशा गुंडाळू या, बोल्टनने ऐकलं नाही. बोल्टनचं नाव झालं, फॉदरगिलचं नाव किती जणांना माहीत आहे?

कामगारांचंही होतंच. आजारपणासाठी फंड, पगाराच्या प्रमाणात आठवड्याला अर्ध्या पेनीपासून चार पेनीपर्यंत वर्गणी. शिकाऊ पोरं घेताना पैसेवाल्यांची टाळून अनाथ मुलं घ्यायचा. यात मात्र मला त्याचा दिखावा दिसत नाही. 1791 च्या जुलैत दंगल झाली, जमावाने त्याच्या मित्राचं, शास्त्रज्ञ प्रीस्टलीचं घर जाळलं, तेव्हा सोहोचे कामगार हत्यारं घेऊन कारखाना राखायला उभे होते. आणि पुढच्याच महिन्यात मुलगा एकवीस वर्षांचा झाला म्हणून अख्ख्या कारखान्याला जेवण, ते काही टळलं नाही.

पाहुण्यांच्या वेषात नक्कल करणारे येतात हे कळल्यावर शेवटी शेवटी कारखाना दाखवणं बंद केलं. उशीरच झाला म्हणायचा. तोवर वाफेवर चालणारी टांकसाळ टाकून तो नाण्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागला होता, त्यात ईस्ट इंडिया कंपनीसारखी गिऱ्हाइकं. बॉम्बे प्रेसिडेन्सीचा 1791 चा तांब्याचा पैसा, एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि मध्ये फारसीत 'अदल', तो याच सोहोत पाडलेला. जुन्या नाण्यांच्या बाजारात अजून दिसतो, कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका, दोन्ही बाजूंचा.