पासवर्ड बदलणं म्हणजे एक अपडेट क्वेरी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी

‘पासवर्ड बदलायची सोय द्यायचीय. तीन रकान्यांचा फॉर्म, एक अपडेट क्वेरी. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल ना?’

नाही होणार. आणि होईल असं ज्याला वाटतं त्याने या कोडला हात लावू नये, एवढी कृपा करावी.

डोक्यात तिडीक जाते ती या कामाच्या यादीमुळे. दीड पान भरून नियम असतात: एक कॅपिटल, एक आकडा, एक खास चिन्ह (पण अँपरसँड चालणार नाही, का ते कुणालाच माहीत नाही), दर ९० दिवसांनी सक्तीने बदल, मागचे ५ पासवर्ड चालणार नाहीत. आणि पासवर्ड बदलल्यावर जुन्या सेशन्सचं (आधीच झालेल्या लॉगिनचं), जुन्या टोकन्सचं (आत येऊ देणाऱ्या डिजिटल पासांचं) काय करायचं? एक ओळ नाही. पासवर्ड चोरीला गेलाय अशी शंका आली म्हणून माणूस तो बदलतो, आणि चोर आतच बसलेला राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आधी हे नियमच घ्या. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ सालीच ८००-६३बी या दस्तऐवजात सांगून टाकलं: ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा लावा, कॅपिटल-आकडा-चिन्ह असली मिश्रणाची सक्ती नको, किमान ८ अक्षरं मागा, निदान ६४ पर्यंत घेऊ द्या, आणि नवा पासवर्ड फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. इतकी वर्षं झाली, तरी ९० दिवसांचा नियम काही जात नाही. त्यातून सुरक्षा किती वाढते, तर शेवटच्या १ चा २ होतो.

‘जुन्या पासवर्डांशी साम्य नको’ ही तर कहरच मागणी. हॅश (पासवर्डवरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा) जपलेले असतील तर ‘हाच पासवर्ड आधी होता का’ एवढंच तपासता येतं, तेही प्रत्येक जुन्या सॉल्टसह (हॅश काढताना मिसळलेल्या यादृच्छिक मजकुरासह) नव्याने हॅश काढून, म्हणजे ५ जुन्यांसाठी ५ महागडे हिशेब. साम्य सरळ तपासता येतं ते फक्त सध्याच्या पासवर्डशी, कारण तो वापरकर्त्याने आत्ताच फॉर्ममध्ये टाइप केलेला असतो. दोन वर्षांपूर्वीच्या पासवर्डशी नवा पासवर्ड ‘बराचसा जुळतो’ असं एखादी प्रणाली सांगत असेल, तर तिने बहुधा तो वाचता येईल अशा रूपात किंवा त्याचे तुकडे करून कुठेतरी ठेवलाय. अभिनंदन.

मग फॉर्म. नव्या पासवर्डच्या रकान्याला कमाल लांबी २०. पासवर्ड मॅनेजरने ४० अक्षरं पेस्ट केली की ब्राउझर गुपचूप पहिली २० ठेवतो, बाकीची टाकून देतो, एरर नाही, काही नाही. लॉगिनच्या रकान्याला मात्र ती मर्यादा लावायची राहिलेली, तिथून ४० जातात. ‘आत्ताच बदलला आणि चालत नाही’ अशी तक्रार येते, आणि सपोर्टवाले कॅप्स लॉक बघायला सांगतात. काही महाभाग पेस्टच बंद करतात, म्हणजे लोकांनी लांब पासवर्ड न वापरता हाताने टाइप होईल असा फुसका वापरावा. रकान्यांच्या ऑटोकंप्लीट या गुणधर्मात करंट-पासवर्ड आणि न्यू-पासवर्ड ही मूल्यं लिहिणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते नसलं की मॅनेजर जुना पासवर्ड नव्याच्या जागी भरतो.

ट्रिमची गंमत वेगळीच. बदलताना कडेच्या स्पेस काढायच्या आणि लॉगिनला तशाच ठेवायच्या, किंवा उलट. पासवर्डवर जी काही प्रक्रिया करायची ती एकाच फंक्शनमध्ये ठेवा, आणि नोंदणी, लॉगिन, बदल, रीसेट या चारही वाटा त्याच फंक्शनमधून न्या. यात अवघड काय आहे?

बीक्रिप्ट ही हॅश काढायची पद्धत वापरणाऱ्यांनी ७२ हा आकडा भिंतीवर लिहावा. ती घेते जास्तीत जास्त ७२ बाइट, अक्षरं नव्हेत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रा-हलन्तसुद्धा, ३ बाइट खातं. २४ चिन्हांत कोटा संपला. पुढचं बऱ्याच लायब्रऱ्या मुकाट सोडून देतात, काही एरर देतात. मग कुणीतरी हुशारी करून आधी एसएचए-२५६ हा हॅश काढतो आणि ते कच्चे बाइट बीक्रिप्टला देतो. त्यात शून्य बाइट आला की सी भाषेतली अंमलबजावणी स्ट्रिंग तिथेच संपली असं समजते. द्यायचंच तर बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, द्या. नव्या कामासाठी सरळ आर्गॉन२आयडी ही हॅशची पद्धत घ्या. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही संस्था त्यासाठी निदान १९ मेबीबाइट मेमरी, २ फेऱ्या आणि १ समांतर धागा सांगते. युनिकोडचं एनएफकेसी सामान्यीकरण करा (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं एकच अक्षर एका रूपात आणा), पण त्याने सगळं सुटतं असं समजू नका: ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एकच, हॅश वेगळे, आणि कुठलंही प्रमाणित सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. फोनवरचा कीबोर्ड एक पाठवतो, संगणकावरचा दुसरा.

आता मुख्य दुखणं. ‘माणूस लॉगिन आहेच, मग सध्याचा पासवर्ड परत कशाला विचारायचा?’ कारण उघडा राहिलेला संगणक किंवा चोरलेली कुकी एवढ्यावर खातं कायमचं बळकावता येऊ नये म्हणून! आणि तो विचारला की तिथेही प्रयत्नांची मर्यादा लागते. लॉगिनला ५ चुकांनंतर अडवायचं आणि पासवर्ड बदलण्याचा एंडपॉइंट (सर्व्हरवरचा पत्ता) मोकळा सोडायचा, म्हणजे अंदाज लावत बसायला स्वतंत्र खिडकी उघडून दिली. फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यातून यूजर आयडी घेणाऱ्यांबद्दल तर बोलूच नये. आयडी सेशनमधून घ्यायचा असतो, नाहीतर तो आकडा बदलून कुणीही कुणाचाही पासवर्ड बदलेल.

बदल झाला की बाकीची सगळी सेशन्स मारायची, चालू सेशनला नवा आयडी द्यायचा. रिफ्रेश टोकन (नवं टोकन मिळवून देणारं) रद्द. ‘मला लक्षात ठेवा’च्या कुकी रद्द. आधी मागवून ठेवलेल्या रीसेट लिंक रद्द. ही शेवटची हमखास विसरतात. एपीआय की (इतर प्रोग्रॅमना आत येऊ देणाऱ्या किल्ल्या) आपोआप उडवल्या तर लोकांची कामं बंद पडतात, म्हणून निदान यादी दाखवून विचारा तरी.

जेडब्ल्यूटी, म्हणजे सही केलेली टोकन, वापरणारे इथे हात वर करतात, ‘आमचं स्टेटलेस आहे’, म्हणजे सर्व्हर त्यांची नोंद ठेवत नाही. आहे ना, म्हणूनच पासवर्ड बदलला तरी चोराचं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं, आणि मुदत ठेवलेली असते ३० दिवसांची. मग बदलाची वेळ नोंदवून त्याआधीची टोकन नाकारायचं ठरतं. टोकनमधली वेळ सहसा पूर्ण सेकंदात, डेटाबेसमधली मायक्रोसेकंदात. १०:००:०५.७ ला बदल झाला, लगेच दिलेल्या नव्या टोकनवर १०:००:०५ पडलं, म्हणजे नवं टोकन जन्मतःच जुनं. वापरकर्ता बाहेर फेकला जातो, आणि बग मिटवायला कुणीतरी ती तपासणीच काढून टाकतो! त्यापेक्षा यूजरच्या ओळीत एक आवृत्ती क्रमांक ठेवा, प्रत्येक बदलाला एकने वाढवा, टोकनमध्येही तोच घाला. दर रिक्वेस्टला डेटाबेसचं एक वाचन पडेल. पडू दे.

रीसेट लिंकचं तेच. ३२ यादृच्छिक बाइटचं टोकन, डेटाबेसमध्ये फक्त त्याचा एसएचए-२५६, तासाभराच्या आत मुदत. लिंक उघडल्याबरोबर टोकन खर्ची टाकू नका, कारण मेल तपासणारे स्कॅनर माणसाआधी ती उघडतात आणि बिचाऱ्याला ‘लिंक वापरून झाली’ दिसतं. लिंक उघडण्याच्या गेट रिक्वेस्टवर फक्त फॉर्म दाखवा, फॉर्म पाठवण्याच्या पोस्ट रिक्वेस्टवर खर्ची टाका, तेही ‘वापरलेलं नसेल तर’ या अटीसह एकाच अपडेटमध्ये, आणि बदललेल्या ओळी १ आहेत का ते बघा. लिंकमधलं डोमेन बाहेरून आलेल्या रिक्वेस्टच्या होस्ट हेडरवरून बनवू नका, आपल्या कॉन्फिगमधून घ्या.

आणि लॉग! ‘पासवर्ड’ नावाचा रकाना झाकायची सोय केलेली असते, फॉर्म पाठवतो ‘करंटपासवर्ड’ आणि ‘न्यूपीडब्ल्यूडी’. एक एक्सेप्शन आलं की रिक्वेस्टची अख्खी बॉडी, पासवर्डांसकट, एरर ट्रॅकरमध्ये. हॅशिंगवर केलेला सगळा खर्च पाण्यात.

चाचण्या मात्र बारा लिहिलेल्या असतात, सगळ्या ‘दोन पासवर्ड जुळत नाहीत’ या लाल अक्षरांच्या. दोन ब्राउझरांत लॉगिन करा, एकात पासवर्ड बदला, दुसऱ्यात रिफ्रेश दाबा. दुसऱ्यात अजून खातं उघडं दिसत असेल तर ते तिकीट परत उघडा, आणि स्ट्रेंथ मीटरचा हिरवा रंग कुठला घ्यायचा यावरची मीटिंग रद्द करा.