थर्मामीटर नव्हता, मग समुद्राचं जुनं तापमान आलं कुठून?

वडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'दहा हजार वर्षांपूर्वी थर्मामीटर नव्हता, म्हणून समुद्राचं जुनं तापमान म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. खंभातला जाऊन बघा, गाळ रोज ढवळला जातो. आणि आत्तासारखी तापमानाची उडी पूर्वी झालीच नाही, हे कशावरून?'

थर्मामीटर होता, चुन्याचा. ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर हा एकपेशीय जीव पृष्ठभागाजवळ राहतो आणि पाणी जितकं उबदार, तितकं त्याच्या कवचात मॅग्नेशियम जास्त, अंशाला साधारण ९ टक्के. जीव मेला की हे चुन्याचं कवच तळाच्या गाळात थराथरानं साचतं. गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात, २५० ते ३५५ मायक्रॉनची ३०-४० कवचं सूक्ष्मदर्शकाखाली वेचतात आणि काचेच्या दोन पट्ट्यांत हलकेच फोडतात. मग पाणी, मिथेनॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी अगदी पातळ नायट्रिक आम्ल. खरी मेख चिकणमातीची, कारण तिच्यातही मॅग्नेशियम असतं. ती उरली आणि कॅल्शियमच्या प्रत्येक मोलमागे ४.५ मिलिमोलऐवजी ४.७ मिलिमोल मॅग्नेशियम आलं, की तापमान २७.५ऐवजी २८ निघतं. म्हणून सोबत चिकणमातीतलं अॅल्युमिनियम आणि लोहही मोजतात. ते चढलेले दिसले तर तो नमुना बाद. खोल पाण्यात कवच विरघळलं तर उलट होतं, आकडा कमी येतो. सगळं नीट झालं तरी सुमारे एक अंशाची चूक राहते, पण ती माहीत असलेली चूक असते.

खंभातबद्दल मेसेज बरोबर आहे. तिथल्या भरतीत थर टिकत नाहीत, म्हणूनच या कामासाठी कोणी तिथे कोअर, म्हणजे नळीनं काढलेला गाळाचा उभा नमुना, घेत नाही. तो खोल समुद्रात घेतात. तिथेही किडे वरचे सुमारे १० सेंटीमीटर ढवळतात. पाकिस्तानच्या किनाऱ्यालगत काही खोलीवर मात्र ऑक्सिजन इतका कमी आहे की किडेच नाहीत, तिथे वर्षावर्षाचे थर सापडतात.

तिसरा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. हजार वर्षांत ५ सेंटीमीटर गाळ साचत असेल, तर शंभर वर्षं टिकलेली एक अंशाची वाढ ढवळून जेमतेम ०.०५ अंशाची उरते. अशा कोअरवरून 'दहा हजार वर्षांतलं सर्वांत उष्ण वर्ष' ठरवता येत नाही, आणि तसा दावा कोणी केला तर तोही चूकच. पण कार्बन डायऑक्साइडमुळे आलेली उष्णता शंभर वर्षांत ओसरत नाही, हजारो वर्षं राहते. तशी वाढ पूर्वी झाली असती, तर ती १० सेंटीमीटरच्या ढवळणीतूनही दिसली असती.