इंदूरला ही सबब शोभत नाही

3 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवा नियमांतील नियम 6अ रद्द केला आणि दृष्टिहीनांना न्यायाधीशपदाची दारे बंद करणारी तरतूद गेली. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून हे प्रकरण उभे राहिले होते. लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या दृष्टिहीन इंदूरकराला त्याचा आनंद झाला. रामबागेतल्या आमच्या नातेवाइकांत मात्र साक्षीदाराचा चेहरा न पाहता न्यायाधीश खरेखोटे कसे ओळखणार, याचीच चर्चा रंगली. झॅक याकूब या दृष्टिहीन न्यायमूर्तींनी 1998 ते 2013 या काळात दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयात काम केले, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते. (चेहऱ्यावरून सत्य कळत असते, तर डोळस न्यायाधीशांचे निकाल अपिलात फिरले नसते.) मला पडलेला प्रश्न निराळा आहे: हा न्यायाधीश घरून कोर्टात एकटा कसा पोहोचणार?

माझ्या रोजच्या वाटेवर सिग्नलच्या खांबाला बटणाची पेटी आहे आणि तिच्या तळाशी खाचा असलेला छोटासा शंकू आहे. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागला की तो बोटांखाली फिरू लागतो आणि मी रस्ता ओलांडतो. बसमध्ये पुढच्या थांब्याचे नाव ऐकू येते. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. सायकलमार्ग ओलांडून गाठायचे नवे बसथांबे आम्हांला धोक्याचे वाटतात, कारण येणाऱ्या सायकलीची चाहूल लागत नाही. मार्गदर्शक श्वान सोबत असला की, कायद्याने मनाई असूनही, काही टॅक्सीवाले प्रवासी नाकारतात.

पायाला वाट सांगणारी उठावाची फरशी 1967 मध्ये जपानमधील ओकायामा येथे प्रथम बसवली गेली. आता ती इंदूरच्या फुटपाथांवरही आहे. गेल्या भेटीत तिच्यावरून काठी सरकवत निघालो, तर ती विजेच्या डीपीवर जाऊन आदळली. लगेच दोघांनी दंड धरला, ‘काका, चला, सोडतो’ म्हणाले आणि मला जायचे नव्हते त्या बाजूला नेऊन सोडले. ‘तिकडे यंत्रे आहेत, इकडे माणसे आहेत’ असे घरचे म्हणतात, आणि ती माया मला परदेशात आठवतेही. पण रोज साडेदहाला कामावर हजर व्हायचे असलेल्या माणसाने कोणी भला भेटेल या भरवशावर घराबाहेर पडायचे का?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सुगम्यतेचे, म्हणजे रस्ते-इमारती दिव्यांगांना विनाअडथळा वापरता येण्याचे, निकष नियमांनी केवळ शिफारशीपुरते ठेवले, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये अवैध ठरवले आणि सक्तीचे नियम करण्यास तीन महिने दिले. त्यावर आपल्याकडची ठरलेली सबब म्हणजे लोकांना शिस्त नाही. इतर शहरांनी ती सांगावी. 2017 पासून स्वच्छतेत देशात अग्रस्थानी राहिलेल्या इंदूरने सांगू नये. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय इथल्या घराघरांत उपदेशाने लागली नाही, रोज येणाऱ्या गाडीने आणि दंडाच्या पावतीने लागली. (ती कचरागाडी गाणे वाजवत येते, म्हणून महापालिकेच्या सेवांपैकी तेवढी एक मला कोणाच्या मदतीवाचून कळते.) कोपऱ्यावरचा कचरा हेरणाऱ्या महापालिकेच्या सफाई दरोग्याने उठावाच्या फरशीच्या पिवळ्या पट्टीवर उभ्या केलेल्या स्कूटरचीही पावती फाडावी आणि हातगाडीवाल्याला पट्टीपासून हातभर दूर जागा आखून द्यावी, त्यासाठी नवी योजना किंवा दिल्लीचा निधी लागत नाही.