न्यूट्रलला टाकून टेम्पोमागे? त्या मेसेजला एका गॅरेजवाल्याचं उत्तर

जुन्या गाड्यांच्या प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो पुण्याहून आला, हैदराबादहून आला, आणि काल गॅरेजसमोर चहा पिणाऱ्या एका पोरानंही तोच दाखवला. मेसेज असा:

"दुसऱ्या गावाहून जुनी फियाट, ॲम्बेसेडर आणायची आहे? कॅरिअरवर पैसे घालू नका. भाड्याचा टेम्पो करा, घरसामान टेम्पोत, गाडी मागे टो-बारच्या लोखंडी दांड्याने नाहीतर दोराने. गाडी न्यूट्रलला ठेवा, गिअरबॉक्सला काही होत नाही. टेम्पोला मागची गाडी जाणवतही नाही. जुनं लोखंड आहे, बंपरलाच बांधा. रात्री निघा, ६०-७० च्या स्पीडने आरामात पोचता. अमेरिकेत सगळे असंच नेतात."

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं गॅरेज आहे, वडिलांपासूनचं. फियाटवर हात बसला तो त्यांच्याच हाताखाली. या मेसेजमधल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यानं कुणाची ना कुणाची गाडी बिघडवलेली मी पाहिली आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

न्यूट्रलचं वाक्य सगळ्यांना पटतं आणि नुकसानही सगळ्यांत जास्त तेच करतं, म्हणून आधी ते.

दोन वर्षांपूर्वी विजापूरहून एक पद्मिनी, म्हणजे फियाटच, माझ्याकडे आली. आली म्हणजे टेम्पोमागे बांधून, शंभर किलोमीटर, न्यूट्रलमध्ये. घेणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक. म्हणाले, "मालक, गाडी एकदम चांगली आहे, फक्त चालवली की रडल्यासारखा आवाज येतोय." मी गिअरबॉक्स उतरवून उघडला. तेल पुरेपूर होतं, लेव्हलला एक बोटही कमी नाही. पण ते बोटांवर घेऊन उन्हात धरलं तर साडीच्या जरीसारखं चमकत होतं. पितळी चुरा. मेन शाफ्टवर, म्हणजे गिअर ज्यावर बसतात त्या दांड्यावर, तिसऱ्या गिअरखालचा बुश (पितळी नळी) घासून कागदाएवढा झालेला, आणि शाफ्टची ती जागा निळी पडलेली. तेल भरलेलं असताना गिअरबॉक्स कोरडा जळाला होता. सरांना पटेना. मग बेंचवर सगळं मांडून, शाफ्ट हाताने फिरवून दाखवलं.

फियाट काय, ॲम्बेसेडर काय, या गाड्यांना ओढ मागच्या चाकांची. गाडी रस्त्यावर ओढली की मागची चाकं फिरतात, ती मागच्या ॲक्सलमधलं डिफरन्शियल फिरवतात, डिफरन्शियल गाडीखालचा लांब प्रॉपेलर शाफ्ट फिरवतं आणि प्रॉपेलर शाफ्ट गिअरबॉक्समधला मेन शाफ्ट फिरवतो. न्यूट्रल असो नसो, मेन शाफ्ट फिरणारच. पण तेल वर उडवायचं काम मेन शाफ्टचं नाही. ते काम खालच्या लेअर शाफ्टचं. त्याचे दाते तेलात बुडालेले असतात, तो फिरला की तेल वर उडतं आणि सगळ्या बुशांना, बेअरिंगांना मिळतं. लेअर शाफ्टला फिरवतं इंजिन. इंजिन बंद म्हणजे लेअर शाफ्ट जागेवर उभा. वर मेन शाफ्ट गरगर फिरतोय, त्याच्यावरचे गिअर लेअरच्या दात्यांत अडकून थांबलेत, आणि दोघांच्या मध्ये जो बुश आहे त्याला तेलाचा थेंब नाही. मेन शाफ्टचं पुढचं टोक टॉप शाफ्टच्या, म्हणजे इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टच्या, पोटात फिरतं, तिथलं बेअरिंगही तसंच कोरडं.

फियाटचं चाक एकदा फिरलं की प्रॉपेलर शाफ्ट चारहून जास्त वेळा फिरतो. विजापूर ते सोलापूर एवढ्या अंतरात हे फेरे दोन लाखांच्या वर जातात. एवढे फेरे कोरड्या बुशावर.

यावर नेहमी येणारा प्रश्न: "आम्ही उतारावर न्यूट्रल करून येतोच की, तेव्हा का नाही जळत?" तेव्हा तुमचं इंजिन चालू असतं. टॉप शाफ्ट फिरतो, लेअर फिरतो, तेल उडत राहतं. (उतारावर न्यूट्रल करणं वाईटच, पण ते ब्रेकच्या कारणाने.) आणि बंद पडलेली गाडी जुन्या पुणे नाक्यावरून अशोक चौकात ओढून आणली तर बुशावर चिकटून राहिलेलं तेल तेवढ्याला पुरतं. त्यामुळे "मी ओढली होती, काही झालं नाही" म्हणणारे खोटं बोलत नाहीत. ते दोन-चार किलोमीटरची गोष्ट सांगत असतात आणि मेसेज ती दोनशे-चारशे किलोमीटरला लावतो.

सरांच्या गाडीचा बुश नवीन मिळाला नाही. लेथवर करून घ्यावा लागला, शाफ्ट दुसरी एक पद्मिनी फोडून तिच्या बॉक्समधून काढला. गाडी सहा आठवडे स्टँडवर होती. सर दर शनिवारी यायचे आणि तिच्या बॉनेटवर नुसता हात ठेवून उभे राहायचे. हा मेसेज पाहिला की मला तो हात आठवतो.

"टेम्पोला मागची गाडी जाणवतही नाही." हे मोठ्या ट्रकबाबत खरं आहे, आणि धोका त्यातच आहे. मागच्या गाडीचा टायर बसला, चाक जाम झालं, चाकाच्या हबमधून धूर निघाला, तरी ड्रायव्हरला काही कळत नाही. दहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या हबमधलं ग्रीस साबणाच्या वडीसारखं घट्ट झालेलं असतं. ब्रेकचे व्हील सिलिंडर गंजून लायनर ड्रमला चिकटलेले असतात. टायरवर नक्षी छान दिसते, पण बाजूला कोरलेला चार आकडी नंबर बघा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेवटी ०९ असेल तर तो टायर २००९ चा. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसला जातो, डांबर त्याहून तापतं, आणि त्यावर हा टायर तुम्ही तासन् तास पळवणार.

टेम्पो छोटा असेल तर गोष्ट उलटी होते. छोटा हत्ती (टाटा एस) रिकामा असताना त्याचं वजन आणि पद्मिनीचं वजन जवळपास सारखं, दोन्ही नऊशे किलोच्या आसपास. टो-बारवर बांधलेल्या गाडीचे स्वतःचे ब्रेक लागत नाहीत. म्हणजे टेम्पोच्या ब्रेकने दोन गाड्या थांबवायच्या. वळणावर ब्रेक मारला की मागची गाडी सरळ जाऊ बघते आणि टेम्पोची हलकी शेपटी बाजूला ढकलते. मोहोळच्या अलीकडे एक टेम्पो असाच रस्त्यावर आडवा झालेला मी डोळ्यांनी पाहिला. माणसं वाचली. गाडी दुभाजकावर होती.

दोराने बांधणाऱ्यांसाठी एक हिशोब सांगतो. मोटार वाहन कायद्याखाली १९८९ चे जे रस्ता-नियम २०१७ पर्यंत लागू होते, त्यांत दोन वाहनांतलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको असं होतं, आणि वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको. मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस बसलेला हवा होता, नाहीतर तिची पुढची चाकं उचललेली हवी होती. मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' अशी पाटी, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच. आणि ही सगळी सोय मुळात बंद पडलेलं वाहन जवळच्या गॅरेजला किंवा पंपाला नेण्यापुरती होती.

आता हा २४ चा आकडा बघा. ताशी साठने जाताना गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर जाते. पुढच्याने ब्रेक मारला तर पाच मीटर संपायला सेकंदाचा तिसरा हिस्साही लागत नाही, आणि माणसाचा पाय ॲक्सिलेटरवरून ब्रेकवर यायला सेकंद जातो. मागे बसलेला तुमचा भाऊ कितीही सावध असला तरी तो धडकणारच. चोवीसने जाताना निदान पाऊण सेकंद मिळतो.

आणि चोवीसनेच जायचं म्हटलं तर पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटरला दहा तासांहून जास्त लागतात, मुंबईहून सोळा-सतरा. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर, चार टोलनाके ओलांडत, भीमेच्या पुलावरून, ऐंशीने येणाऱ्या कंटेनरच्या पुढे चोवीसने. "रात्री निघा" म्हणणाऱ्याने हे डोळ्यांसमोर आणावं. ओढलेल्या गाडीचे मागचे लाइट बहुतेक वेळा बंदच असतात, कारण बॅटरी मेलेली असते. उसाच्या हंगामात रात्री त्याच रस्त्यावर बिनलाइटच्या ट्रॉल्या असतात. त्यांच्यात आणखी एक अंधारी गाडी घालू नका.

बंपरबद्दल थोडक्यात. या गाड्यांचा बंपर दोन ब्रॅकेटांवर, काही बोल्टांवर टांगलेला असतो. पद्मिनीला वेगळी चेसिसही नाही. बॉडी तीच चेसिस, आणि ती खालून सडते. वरून रंग नवा असला तरी खाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. टोक आत गेलं तर तिथे दोर बांधायचा विचारही नको. जुनं लोखंड जाड असतं हे खरं, पण चाळीस पावसाळ्यांनंतर त्यातलं किती उरलंय ते टोचल्याशिवाय कळत नाही.

राहता राहिली अमेरिका. तिथे ट्रक स्वतः चालवायला भाड्याने मिळतो, आणि त्यामागे लावायला दोन चाकांची डॉलीही मिळते. गाडीची पुढची चाकं डॉलीवर, मागची रस्त्यावर. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच पाहिलं असावं. पण डॉली भाड्याने देणारी यू-हॉलसारखी मोठी कंपनी स्वतःच सांगते की मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर प्रॉपेलर शाफ्ट सोडवून ठेवा, आणि वेग ताशी ५५ मैलांच्या, म्हणजे ८८ किलोमीटरच्या वर नेऊ नका. चारही चाकं वर घेणारा ट्रेलरही तीच कंपनी देते. शिवाय डॉलीवर चाकं पट्ट्यांनी आवळलेली असतात. बंपरला बांधलेला नायलॉनचा दोर ही अमेरिकेची पद्धत नव्हे.

इथे आपल्याकडच्या टोइंग व्हॅनबद्दलही सांगायला हवं, कारण तीच चूक तिथेही होते. क्रेनवाला सवयीने गाडीचं तोंड उचलतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मारुती ८०० ला ते ठीक. फियाटचं तोंड उचललं की मागची चाकं रस्त्यावर फिरतात आणि वर सांगितलेलं सगळं सुरू होतं. त्याला थांबवा. एकतर मागून उचलायला सांगा आणि स्टिअरिंग सरळ बांधा, नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट सोडा. शाफ्ट सोडणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. डिफरन्शियलच्या फ्लँजचे चार बोल्ट. खोलण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने किंवा रंगाने एक सरळ खूण करा, म्हणजे परत जोडताना तोच मेळ बसतो आणि गाडी थरथरत नाही. ज्या गाडीत शाफ्टचं टोक गिअरबॉक्समध्ये सरकवलेलं असतं तिथून तेल गळतं, तर त्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी घालून जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळा.

लांबून आणायची असेल तर माझा सल्ला एकच, गाडी ट्रकच्या पाठीवर घ्या. पद्मिनी साधारण तेरा फूट लांब, ॲम्बेसेडर चौदाच्या थोडी वर. दोन्हीसाठी सतरा फुटी आयशर बघा. चौदा फुटीत पद्मिनी बसते, पण बांधायला जागा राहत नाही. पैशाची काळजी मला कळते, बहुतेकांची ही आयुष्यातली पहिली हौस असते. म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याकडे रिटर्न गाडी मागा. चादरी-टॉवेल घेऊन सोलापूरहून गेलेला ट्रक परत येताना कमी भाड्यात येतो. फक्त दोन-चार दिवस थांबायची तयारी हवी. चढवायला-उतरवायला फळ्यांचा जुगाड करू नका. गोदामाचा किंवा मार्केट यार्डाचा धक्का शोधा, ट्रकच्या उंचीचा. पट्टे चाकांवरून आणि ॲक्सलवरून घ्या, बॉडीवरून नको. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, ते फळीला खिळ्यांनी ठोकलेले. गाडी पहिल्या गिअरमध्ये, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली, टाकीत पेट्रोल नावाला. पट्टा जिथे रंगाला लागेल तिथे आपला सोलापुरी टॉवेल दुहेरी घडी करून. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळायला लावा, कारण हादऱ्यांनी पट्टे ढिले पडतात. विम्याचं आधी विचारून ठेवा. मोटार पॉलिसीत साधारणपणे ओढल्या जाणाऱ्या वाहनाचं नुकसान धरलेलं नसतं. ट्रकवरच्या मालाचा विमा वेगळा काढता येतो.

या गाड्यांबद्दल मी एवढा जीव तोडून का सांगतो, तेही लिहितो. पद्मिनी जिने बनवली ती प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केली, आणि वालचंद जन्मले आपल्या सोलापुरात, १८८२ साली. पुण्याच्या रस्त्याने येताना इंदापूर तालुक्यात त्यांच्या नावाचं वालचंदनगर आहे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आता ज्या उरल्यात त्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या शेडमध्ये. एक गिअरबॉक्स जळाला की दुसरी एखादी गाडी सुट्या भागांसाठी फोडावी लागते. सरांच्या पद्मिनीसाठी मी तेच केलं, आणि ते मला अजून टोचतं.

गेल्या महिन्यात हैदराबादहून दोन भावांनी ॲम्बेसेडर आणली, आयशरवर. निघण्याआधी धाकट्याने फोन करून विचारलं, "मालक, तो मेसेज खराय का?" मी त्याला हेच सगळं सांगितलं. गाडी पहाटे साडेपाचला धक्क्यावर लागली. पट्टे सोडले, ठोकळे काढले, आम्ही चौघांनी ढकलून ती खाली घेतली. बॅटरी जोडली, कार्ब्युरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतलं, आणि तिसऱ्या सेल्फला ती चालू झाली. मी दहा मिनिटं गिअरबॉक्सला कान लावून बसलो. काही आवाज नव्हता. मग थोरल्याने स्वतः चालवत ती आपल्या गावातल्या विजापूर वेशीपर्यंत नेली.